नेमकं काय बदललं?

मेलबर्नमध्ये सोमवारी सकाळी ऑफिसात शिरलात की लोक आधी "गुड मॉर्निंग" म्हणतात आणि लगेच विचारतात, तू कोणाचा? आपल्याकडे गावातली म्हातारी माणसं "कोणाचा रे तू?" असं विचारतात ना, अगदी तसंच. फक्त तिथे उत्तरात वडिलांचं नाव सांगायचं नसतं, फुटबॉल टीमचं सांगायचं असतं. "कोणाचाच नाही" हे उत्तर चालत नाही. लोक तुमच्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू तुम्ही जेवतच नाही असं सांगितलंत.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी सहा महिन्यांसाठी ऑनसाइट गेलो, तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. एमसीजी म्हणजे बॉक्सिंग डे टेस्ट आणि २०२२ च्या वर्ल्ड कपात कोहलीने पाकिस्तानला मारलेले नाबाद ८२, एवढंच आपलं ज्ञान. ते मैदान मुळात वर्षातले सहा-सात महिने फूटीचं असतं, क्रिकेट तिथे उन्हाळ्यापुरतं येतं, हे ऐकून मला खरंच धक्का बसला होता.

तर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा सॉकर नाही आणि रग्बीही नाही. मैदान क्रिकेटचं, म्हणजे लंबगोल. दोन्हीकडे १८-१८ माणसं. बॉल लंबुळका. तो पायाने मारता येतो, मुठीने ठोसून दुसऱ्याला देता येतो, पण हाताने फेकता येत नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोघांतून मारला तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या फटीतून गेला तर "बिहाइंड", १ पॉइंट. (नेम चुकला तरी एक मार्क, अगदी इंजिनिअरिंगच्या पेपरसारखं :-) ) लीगमध्ये २०२३ साली १८ टीम होत्या, प्रत्येकीच्या २३ मॅचेस आणि पहिल्या आठ टीम फायनल्समध्ये.

आमच्या टीममध्ये कार्लटनचे दोन भक्त होते. एक आमचा डीबीए, वय चौसष्ट. दुसरा टेस्टर, माझ्याच वयाचा. कार्लटन हा १८६४ सालचा क्लब, निळी जर्सी, १६ विजेतेपदं. पण सोळावं आलं १९९५ मध्ये. डीबीएने अकरा वर्षांचा असताना १९७० ची ग्रँड फायनल पाहिलेली. हाफ टाइमला ४४ पॉइंटनी मागे असलेली कार्लटन त्या दिवशी कॉलिंगवूडला हरवून जिंकली, मैदानात १,२१,६९६ माणसं होती. हा आकडा त्याला त्याच्या फोन नंबरसारखा पाठ. आणि टेस्टर बिचारा जन्मलाच १९९६ मध्ये. म्हणजे एकाकडे सगळ्या आठवणी आणि दुसऱ्याकडे फक्त आशा. दोघं शेजारी-शेजारी बसायचे.

आता मुख्य गोष्ट. २०२२ मध्ये कार्लटनने पहिल्या दहापैकी आठ मॅचेस जिंकल्या, आणि शेवटच्या चार सलग हरून फायनल्स घालवल्या. त्यातली शेवटची कॉलिंगवूडविरुद्ध, एका पॉइंटने. आठव्या नंबरच्या बुलडॉग्जशी पॉइंट सारखे, पण पर्सेंटेजमध्ये (म्हणजे केलेले पॉइंट भागिले खाल्लेले पॉइंट, आपल्या नेट रन रेटचा चुलतभाऊ) एका टक्क्याहूनही कमी फरकाने मागे. त्यामुळे २०२३ मध्ये सगळे म्हणत होते, यंदा नक्की.

आणि यंदा काय झालं? पहिल्या तेरा मॅचमध्ये चार विजय, एक टाय, आठ पराभव. त्यातले सहा सलग. ११ जूनच्या रविवारी रात्री एमसीजीवर एसेंडनकडून हरल्यावर कार्लटनच्याच लोकांनी आपल्याच टीमची हुर्यो उडवली. अठरांमध्ये पंधरावा नंबर. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, पण मंगळवारी आमच्या पॅन्ट्रीत सुतक असल्यासारखं वातावरण. टेस्टर म्हणाला, "कोच बदला." डीबीए काहीच बोलला नाही, नुसता टी-बॅग हलवत बसला.

त्यानंतर कार्लटन सलग नऊ मॅचेस जिंकली.

गोल्ड कोस्टला ५९ पॉइंटनी, हॉथॉर्नला ६०, फ्रीमँटलला ५३. मग सलग तेरा मॅचेस जिंकत आलेल्या पोर्ट अ‍ॅडलेडला ५०. वेस्ट कोस्टला ७१. मग टेबलावर पहिल्या नंबरवर असलेल्या कॉलिंगवूडला, मग सेंट किल्डाला, मेलबर्नला आणि पुन्हा गोल्ड कोस्टला. कोच तोच, मायकल व्हॉस. कॅप्टन तोच, पॅट्रिक क्रिप्स. खेळाडूही बहुतेक तेच.

प्रॉडक्शन सपोर्ट केलेल्या माणसाला याच्यापेक्षा मोठी छळवणूक नाही. आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : काल चालत होतं, आज चालत नाही, तर मधे काय बदललं? इथे उलटं. काल चालत नव्हतं, आज धावतंय, आणि चेंज लॉग जवळजवळ कोरा!

मग काय, पॅन्ट्रीत रोज परिसंवाद. मी नवखा म्हणून मला दोन्ही बाजूंनी ऐकवायचे, आणि मीही हळूहळू ओढला गेलो. तिथे झालेल्या युक्तिवादांचे ढोबळमानाने चार पंथ पडतात.

पहिला पंथ, "समोरचे लिंबूटिंबू होते." याची पुरस्कर्ती आमची क्लायंटकडची प्रोजेक्ट मॅनेजर, पक्की कॉलिंगवूडवाली. तिचं म्हणणं, गोल्ड कोस्ट, हॉथॉर्न, वेस्ट कोस्ट यांना हरवणं यात काय मोठं? मुद्दा अर्धा खरा होता. पण पोर्ट अ‍ॅडलेडची मॅच झाली आणि अर्ध्यातला अर्धा उरला. २८ जुलैला कार्लटनने कॉलिंगवूडलाच १७ पॉइंटनी हरवल्यावर ती या विषयावर आठवडाभर बोलली नाही. (ती कॉलिंगवूड त्या वर्षी पुढे चॅम्पियन झाली, तेव्हा शेवटचं हसू तिचंच.)

दुसरा पंथ, "आम्ही ओरडलो म्हणून सुधारले." हा टेस्टरचा. हुर्यो उडवली, लाज वाटली, जिद्दीने खेळले. हे ऐकून मला डॅनियल कानेमानचा इस्रायली हवाई दलातला किस्सा आठवला. तिथले प्रशिक्षक सांगायचे, कॅडेटचं कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं आणि झापलं की सुधारतं, त्यामुळे झापणंच बरं. कानेमानच्या लक्षात आलं, की झापा नाहीतर गप्प बसा, फार वाईट उड्डाणानंतरचं उड्डाण बहुतेक वेळा बरंच असतं. कारण फार वाईट हा प्रकार थोडा नशिबाचाही भाग असतो. आपण माणसाला झापतो ते तो तळाला असताना, त्यामुळे झापण्याला फुकटचं श्रेय मिळतं. आपल्याकडे "छडी लागे छमछम"वर जो विश्वास आहे ना, त्याचा अर्धा पाया हाच असावा, असं माझं तेव्हापासून मत आहे.

तिसरा पंथ अर्थातच माझा, "सरासरीकडे परतणं." सहा सलग पराभव, पण त्यातला एकही सहा गोलांहून मोठा नाही. टीम आदल्या वर्षी फायनल्सच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे ती पंधराव्या नंबरची टीम कधीच नव्हती, नशीब थोडं वाईट होतं, ते फिरलं. मी पॅन्ट्रीतल्या व्हाइटबोर्डवर एक वक्रही काढून दाखवला. डीबीएने तो शांतपणे पाहिला आणि विचारलं, सरासरीकडे परतणारी टीम सरासरीला थांबायला नको का? पाच मॅच सलग पन्नास किंवा त्याहून जास्त पॉइंटनी जिंकणं ही कुठली सरासरी?

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. सरासरीच्या नियमाने सहा पराभवांचा सिलसिला का थांबला ते कळतं. नऊ विजय का आले ते कळत नाही.

चौथा पंथ डीबीएचा स्वतःचा. तो म्हणायचा, पेरणी आधीच झाली होती. हंगामाच्या सुरुवातीला कार्लटनचा खेळ मंद आणि आडवा असायचा. बॉल मिळवायचे, पण पुढे न्यायला वेळ घ्यायचे आणि शेवटी लांब किक मारून चार्ली कर्नो आणि हॅरी मकाय या दोन उंच फॉरवर्ड्सच्या डोक्यावर टाकायचे. तिथे समोरच्यांचे तीन जण आधीच वाट बघत उभे. जूननंतर बॉल लवकर आणि सरळ पुढे जायला लागला, तोच कर्नो मोकळा सापडायला लागला. (२०२२ पाठोपाठ २०२३ मध्येही लीगमध्ये सर्वात जास्त गोल करणाऱ्याचं कोलमन मेडल त्यानेच घेतलं.) बॉल समोरच्याकडे गेला की सगळे तुटून पडायला लागले. आता अशी सवय १८ माणसांच्या अंगात एका आठवड्यात येत नाही. ती महिनोन्‌महिने घोटावी लागते, आणि घोटत असताना ती हमखास वाईट दिसते. डीबीएच्या मते जूनमध्ये काही बदललंच नाही. बदल आधीच होत होता, जूनमध्ये तो फक्त दिसायला लागला.

मला हे पटायला खेळाची गरज नव्हती. त्याच जूनमध्ये आमच्याकडे जे चाललं होतं ते पुरेसं होतं.

आमचा प्रोजेक्ट फेब्रुवारीत लाइव्ह गेला होता आणि त्यानंतरचे तीन रिलीज एकामागून एक आपटले. आमची लीड पुण्यात बसायची. मूळची सोलापूरची, आवाज मोठा, काम त्याहून मोठं. मार्चमध्ये तिने ठरवलं, की प्रत्येक वेळी आग विझवत बसण्यापेक्षा आग लागते कुठे ते आधी बघू. त्यामुळे एप्रिल-मे आम्ही ऑटोमेटेड टेस्ट लिहिल्या, लॉगिंग नीट केलं, पेमेंटच्या मोड्यूलचा गुंता सोडवला. या काळात बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं? नवीन फीचर शून्य, आणि मे महिन्यातला रिलीज पुन्हा आपटला. एसेंडनची मॅच झाली त्याच आठवड्यात तिला प्रोजेक्टवरून काढलं. नवीन लीड आला, माणूस वाईट नव्हता. जुलैचा रिलीज स्वच्छ गेला. ऑगस्टचाही. तिमाही रिव्ह्यूमध्ये एक ग्राफ दाखवला गेला, त्यावर जूनमध्ये एक उभी रेघ आणि रेघेच्या पुढे बग्जचा आलेख धबधब्यासारखा खाली. रेघेवर लिहिलं होतं, "लीडरशिप चेंज."

मी त्या मीटिंगमध्ये होतो. जुलैत जे प्रॉब्लेम आले नाहीत, ते ज्या बदलांमुळे आले नाहीत, त्यांच्या तारखा मी शीटमध्ये टाकून सगळ्यांना पाठवल्या. सगळ्या एप्रिल आणि मे महिन्यातल्या. उत्तर आलं, "गुड पॉइंट, नोटेड." तिचं त्या वर्षीचं रेटिंग मात्र बदललं नाही. आयटीत काम करणाऱ्यांना "नोटेड"चा अर्थ वेगळा सांगायला नको.

मी तिला त्या रात्री फोन केला. पुण्यात दुपार होती. म्हणाली, "अरे जाऊ दे. टेस्ट हिरव्या झाल्यात ना सगळ्या? मग झालं." मी म्हटलं, "तुला राग येत नाही?" तर म्हणाली, "येतो की. पण मी काय तिकडं येऊन ग्राफवरची रेघ खोडू?"

तिने डिसेंबरमध्ये ती नोकरी सोडली. आता दुसरीकडे आहे, बरी आहे. पण तेव्हापासून कुठलाही "टर्नअराउंड" दिसला की माझी नजर आधी त्या उभ्या रेघेकडे जाते. ही रेघ इथेच का काढली? कोणी काढली?

कार्लटनने स्वतः अशा रेघा खूप काढल्या आहेत. २००७ मध्ये हंगामाच्या मध्यात डेनिस पेगनला काढलं. २०१५ मध्ये मे महिन्यात मिक मॉल्टहाउसला. २०१९ च्या जूनमध्ये ब्रेंडन बोल्टनला, आणि त्या वर्षीची गंमत ऐका. बोल्टन गेल्यावर डेव्हिड टीगने हंगामी कोच म्हणून सूत्रं घेतली आणि उरलेल्या अकरापैकी सहा मॅचेस जिंकून दिल्या. लोक खूश. हाच हवा, म्हणाले. त्याला कायम केलं, आणि २०२१ मध्ये त्यालाही काढलं. म्हणजे कोच बदलून आलेला टर्नअराउंड कार्लटनने चाखला होता, आणि तो किती टिकतो हेही.

म्हणूनच बहुधा २०२३ च्या जूनमध्ये क्लब व्हॉसच्या मागे उभा राहिला. आणखी एक कारण असावं. कार्लटनचा तेव्हाचा सीईओ ब्रायन कुक आधी जिलाँग क्लबमध्ये त्याच खुर्चीत होता. २००६ मध्ये जिलाँगचा हंगाम वाया गेला, लोकांनी कोच मार्क थॉम्पसनचं डोकं मागितलं. क्लबने सगळ्या कारभाराची झाडाझडती घेतली आणि थॉम्पसनला ठेवलं. २००७ ची ग्रँड फायनल जिलाँगने ११९ पॉइंटनी जिंकली, ४४ वर्षांनी विजेतेपद. रिचमंडचंही तेच, २०१६ मध्ये तेरावा नंबर, डेमियन हार्डविकला ठेवलं, २०१७ मध्ये ३७ वर्षांनी कप.

पण थांबा, इथे सावध राहायला हवं. या दोन कथा आपल्याला पाठ आहेत कारण त्या गोड संपल्या. कोचला ठेवलं आणि पुढच्या वर्षी टीम अजून खाली गेली, अशा कथा कोणी सांगत नाही. धीर धरणं हा सद्गुण आहे हे मान्य, पण कधीकधी ते नुसतं निर्णय टाळणंही असतं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. ज्या दिवशी निर्णय घ्यायचा असतो त्या दिवशी आतूनही सारखीच दिसतात, हा खरा वांधा. आपल्याला ए-बी टेस्ट करता येत नाही. व्हॉसला काढलेली एक कार्लटन आणि ठेवलेली एक कार्लटन, असे दोन सर्व्हर शेजारी-शेजारी चालवता येत नाहीत.

पुढचं पटकन सांगतो. कार्लटन पाचव्या नंबरवर आली, २०१३ नंतर पहिल्यांदा फायनल्समध्ये. सिडनीला ६ पॉइंटनी हरवलं. १५ सप्टेंबरला एमसीजीवर मेलबर्नला २ पॉइंटनी, शेवटच्या मिनिटात ब्लेक एकर्सच्या गोलने. ती मॅच मी नव्वद हजारांहून जास्त लोकांत बसून पाहिली. गोल झाला तेव्हा टेस्टर माझ्या गळ्यात पडून रडत होता, आणि डीबीए खुर्चीतून उठलासुद्धा नाही, दोन्ही हात डोक्यावर ठेवून नुसता बसून होता.

२३ सप्टेंबरला ब्रिस्बेनच्या गॅबावर सेमीफायनलच्या वरची मॅच, त्यांच्या भाषेत प्रिलिमिनरी फायनल. तो आमच्याकडे गौरी विसर्जनाचा दिवस. मी टार्नीटमध्ये ज्या मराठी काकांकडे भाड्याने राहायचो त्यांच्या घरी आरती चालू आणि आतल्या खोलीत टीव्ही म्यूट. कार्लटनने पहिल्याच क्वार्टरमध्ये पाच गोलांची आघाडी घेतली. काका टाळ वाजवत-वाजवत मला खुणेने विचारत होते, किती? मी पाच बोटं दाखवली. आरती संपेपर्यंत आघाडी वितळायला लागली होती. १६ पॉइंटनी हरले.

सोमवारी मला वाटलं, पॅन्ट्रीत पुन्हा सुतक असेल. तर टेस्टर म्हणाला, "जूनमध्ये कोच बदला म्हणालो होतो ना, तेव्हा माझं ऐकलं नाही ते बरं झालं." यावर डीबीए म्हणाला, "बदलला असता तरी आपण आज असंच म्हणालो असतो. कदाचित." मला वाटतं, त्या सहा महिन्यांत ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य ते "कदाचित" होतं.

आणि वाद काही तिथे मिटला नाही. २०२४ मध्ये कार्लटन अर्ध्या हंगामाला वरच्या टीममध्ये होती, मग घसरली आणि पहिल्याच फायनलमध्ये ब्रिस्बेनने तिच्यावर ओळीने ६० पॉइंट चढवले. त्याच ब्रिस्बेनने त्या वर्षी पहिल्या तिन्ही मॅच हरून, पुढे पाचव्या नंबरवरून येऊन कप उचलला. २०२५ मध्ये कार्लटन अकरावी. टेस्टरचा मेसेज आला, पुन्हा तेच : काय बदललं?

मी आता पुण्यात स्वतः चार जणांची टीम सांभाळतो. अप्रेझलच्या वेळी माझ्यासमोरही आलेख येतात आणि त्यावर कोणीतरी काढलेल्या रेघा असतात. माझ्यापुरता मी एक नियम केलाय. आलेख वर गेला किंवा खाली गेला, की गेल्या महिन्यात काय झालं हे विचारण्याआधी सहा महिन्यांपूर्वी कोण काय करत होतं ते काढायला सांगतो. अर्धा तास जास्त लागतो, लोक वैतागतात. पण दर वेळी निदान एक तरी नाव असं सापडतं, जे त्या ग्राफवर कुठेच नसतं.

असो. खूप लांबलं आज. तुमच्या ऑफिसातही अशी एखादी रेघ असेल तर जरा डावीकडे सरकवून बघा. भेटू पुढच्या शनिवारी.